आपल्या समुद्राची लाट आपण मोजू या : पुण्यातल्या संशोधन संस्थांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील संशोधन संस्थांचे संचालक,
अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि विभागप्रमुख

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी एम.टेक.चा प्रबंध करत होती. विषय तिनेच निवडला होता. कोकण किनाऱ्यासमोर समुद्रात पवनचक्की उभी केली, तर लाटांच्या माराने तिच्या पायाला किती वर्षांत थकवा येईल, हे तिला शोधायचं होतं. मुलगी हर्णैजवळची, वडिलांची मासेमारीची बोट आहे. वर्षभर ती या कामात बुडालेली होती. प्रबंध चांगला झाला, गुणही चांगले मिळाले. फक्त त्यातली लाट कोकणची नव्हती.

ती उत्तर समुद्रातली होती. १९६८-६९ मध्ये जर्मनीच्या सिल्ट बेटाच्या पश्चिमेला शास्त्रज्ञांनी लाटा मोजल्या आणि त्यातून जो आलेख तयार झाला तो ‘जॉनस्वॅप’ या नावाने जगभर वापरला जातो. आमच्या पिढीने त्यावरच कामं केली, आजची मुलंही तेच करतात. सॉफ्टवेअरमध्ये तो तयारच असतो, एक बटण दाबलं की झालं. पण या मुलीला तसं करायचं नव्हतं. आपल्या किनाऱ्यासमोर तरंगत्या बोयांनी लाटा मोजल्या जातात हे तिला माहीत होतं. त्यातल्या काही वर्षांच्या मूळ नोंदी मिळाव्यात म्हणून तिने एका सरकारी कार्यालयाला तीन ईमेल पाठवले, एक रजिस्टर पत्र टाकलं, शेवटी स्वतः जाऊन आली. ‘वरून परवानगी यावी लागेल’ एवढंच उत्तर मिळालं. सात महिने गेले, सबमिशनची तारीख आली आणि तिने नाइलाजाने जर्मनीची लाट घेतली.

त्याच वर्षी गणपतीत ती घरी गेली होती तेव्हाची गोष्ट तिने मला सांगितली. लॅपटॉपवरचा आलेख वडिलांना दाखवला. आडव्या रेषेवर लाटांचा काळ, उभ्या रेषेवर त्यांची ताकद, मध्ये एक उंचवटा. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “यात एकच लाट कशी? आपल्याकडे पाऊस सरला की दोन असतात. एक लांबची, ती खालून येते, दक्षिणेकडनं. आणि दुपारचा वारा सुटला की वरनं छोट्या येतात. बोटीला खरा त्रास दोघी भेटल्या की होतो.”

सातवी शिकलेल्या माणसाने एका वाक्यात प्रबंधातलं वैगुण्य सांगितलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या मोजण्यांतून हेच दाखवलेलं आहे. हजारो किलोमीटरवर, दक्षिणेच्या महासागरात उठलेली लांब लाट नैर्ऋत्येकडून येते आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने उठलेली आखूड लाट वायव्येकडून. आलेखाला दोन उंचवटे येतात. जॉनस्वॅपला एकच आहे. पावसाळ्यात चित्र आणखी वेगळं होतं. जून ते सप्टेंबर समुद्र थांबतच नाही. उत्तर समुद्रात वादळं येतात आणि जातात, आपल्याकडे चार महिने एकसारखा मारा असतो.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडतं? सुरक्षिततेसाठी थोडं जास्त पोलाद घाला म्हणजे झालं. हे मी माझ्या नोकरीच्या काळात वरिष्ठांकडूनही ऐकलं आहे. म्हणून जरा हिशेब मांडतो. वर्षाचे सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद. दर आठ सेकंदांना एक लाट धरली तर वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास आणि पंचवीस वर्षांत जवळजवळ दहा कोटी लाटा. यातली एकही लाट तो खांब मोडत नाही. प्रत्येक लाट त्याला किंचित वाकवते आणि सोडते, आणि वेल्डिंगच्या सांध्यात, जिथे पोलाद आधीच थोडं दुखावलेलं असतं तिथे, ही वाकवणूक साठत जाते. थकवा ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतो. म्हणजे खरा ताण अंदाजापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त निघाला, तर पंचवीस वर्षांसाठी बांधलेला सांधा एकोणीस वर्षांतच दमतो. वाऱ्याचंही तसंच. पवनचक्कीला मिळणारी ऊर्जा वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वारा दहा टक्के कमी निघाला की ही ऊर्जा सत्तावीस टक्क्यांनी घटते. एका बाजूला माणसांचा जीव आणि दुसऱ्या बाजूला कर्जाचे हप्ते, दोन्ही या दहा टक्क्यांवर उभे असतात.

हा थकवा कसा दिसतो ते मी पहिल्यांदा १९९१ च्या डिसेंबरात पाहिलं. सत्तावीस वर्षांचा होतो. जुहूहून हेलिकॉप्टरने मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर गेलो होतो, मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटर. कामगारांनी पाण्याच्या वरच्या एका सांध्यावरचा गंज आणि रंग घासून काढला होता. तपासनीसाने त्यावर पांढरा रंग फवारला, चुंबकाचे दोन पाय सांध्याच्या दोन्ही अंगांना टेकवले आणि लोखंडाची बारीक काळी पूड मिसळलेलं द्रव त्यावर सोडलं. द्रव ओघळून गेलं आणि पांढऱ्यावर एक काळी रेघ उरली. नखाएवढी लांब, केसाएवढी बारीक. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. त्याने खडूने त्याभोवती गोल केला, वहीत सांध्याचा नंबर लिहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “साहेब, ही आपल्याला दिसली म्हणून बरं.” ग्राइंडरने ती रेघ घासून काढली आणि पुन्हा पांढरा रंग, पुन्हा पूड. तिसऱ्या वेळेला सगळं स्वच्छ आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती.

न दिसलेल्या रेघेचं काय होतं तेही जगाने पाहिलं आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीत, ‘अलेक्झांडर कीलँड’ हा कामगारांच्या निवासाचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला आणि १२३ माणसं गेली. चौकशीत मूळ सापडलं ते एका तिरक्या नळीवर पाण्याखालचा आवाज टिपणारं ध्वनियंत्र बसवण्यासाठी केलेल्या ६ मिलिमीटरच्या वेल्डिंगमध्ये. तिथून निघालेला तडा लाटांनी हळूहळू वाढवला, नळी तुटली, पाठोपाठ पाय तुटला. आमच्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे पहिल्याच तासाला सांगतो.

आपल्या समुद्राचा इतिहासही काही लहान नाही. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाने मुंबई हायला तेल शोधलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्या काळात उभारलेल्या कितीतरी प्लॅटफॉर्मनी आपलं ठरलेलं पंचवीस वर्षांचं आयुष्य केव्हाच ओलांडलं आहे आणि ते अजून कामावर आहेत. ते आणखी किती वर्षं उभे राहू शकतात हा आज या देशातला फार मोठा संशोधनाचा प्रश्न आहे. जर्मनीच्या लाटेवरून त्याचं उत्तर काढता येणार नाही.

अपघात आठवले की माझी झोप अजूनही उडते. २७ जुलै २००५, मुंबई बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मदत जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली होती, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हती, म्हणून त्याला क्रेनच्या टोपलीतून प्लॅटफॉर्मवर घेण्यासाठी जहाज जवळ आलं. लाटेने जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, वायू वाहून नेणारी उभी पाइपलाइन फुटली आणि दोन तासांत सगळा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. बावीस माणसं गेली. मग १७ मे २०२१, ‘तौक्ते’ वादळ. इशारा हवामान खात्याने आधीच दिलेला होता. २६१ माणसं असलेली पी-३०५ ही बार्ज समुद्रातच होती. नांगर सुटले, बार्ज वाहत जाऊन एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आपटली आणि बुडाली. सत्तरहून अधिक जणांचा जीव गेला, आणि त्यातले बहुतेक वेल्डर, फिटर, आचारी असे हातावर पोट असलेले होते. माणसं वेळेत किनाऱ्यावर का आणली नाहीत, या प्रश्नाला संशोधन हे उत्तर नाही, तो निर्णयाचा प्रश्न होता. पण अमुक उंचीच्या लाटेला नांगराची साखळी किती तास तग धरेल, हा आकडा निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर असला पाहिजे, आणि तो आपल्या समुद्राच्या मोजणीतूनच येतो.

आता पुण्याकडे वळतो. पुण्याला समुद्र नाही, मग पुण्याने यात का पडावं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. मला तर उलट वाटतं की पुण्याइतकी तयारी दुसऱ्या कुठल्याच शहराची नाही, फक्त ती विखुरलेली आहे.

खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. कॉलेजात असताना आम्हाला तिथे नेलं होतं. विमानाच्या हँगरसारखी प्रचंड शेड, आत सिमेंटच्या गिलाव्यात कोरलेलं अख्खं बंदर, आणि एका टोकाला पाटी पुढेमागे हलवून लाट उठवणारं यंत्र. शंभरास एक प्रमाण असेल तर समुद्रातली दहा सेकंदांची लाट तिथे एका सेकंदात येते आणि तीन मीटरची लाट तीन सेंटिमीटरची होते. बोटभर उंचीची ती लाट धक्क्यावर फुटताना बघून मी इंजिनिअर म्हणून काय करायचं ते ठरवलं. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, खरोखरच त्या दिवशी ठरवलं.

पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, हे तिथल्याच शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आलं. हडपसरला पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं मुख्यालय आहे. गिअर, बेअरिंग, फोर्जिंग, कास्टिंग यांच्यासाठी पिंपरी-चिंचवड आणि चाकणला कुणी शिकवायला नको. आणि बाणेर-हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींत आपलीच मुलं युरोपातल्या समुद्री पवनचक्क्यांच्या पायांचं विश्लेषण करत बसलेली असतात. माझा एक जुना विद्यार्थी रोज संध्याकाळी नॉर्वेतल्या टीमबरोबर कॉलवर असतो. उत्तर समुद्राचा तळ त्याला पाठ आहे. मुंबई हायच्या तळाशी चुनखडीची वाळू आहे, शिंपल्यांच्या चुऱ्याची, दाबली की कण फुटतात आणि खांबाला धरून ठेवत नाहीत, हे त्याला मी सांगितलं तेव्हा तो चकित झाला. असल्याच वाळूत ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मचे खांब ठोकायच्या आधी स्वतःच्या वजनानेच खोल उतरून गेले होते. हर्णैच्या किनाऱ्यावर अनवाणी चाललेल्या कुणालाही ही वाळू ओळखीची आहे. आमच्या एकाही अभ्यासक्रमात ती नाही.

पाषाण ते खडकवासला चांदणी चौकातून गेलं तर, वारज्याचं ट्रॅफिक धरूनही, तासाभराचा रस्ता आहे. वारा आणि वादळ जाणणारी माणसं एका टोकाला, लाट जाणणारी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये डझनभर अभियांत्रिकी महाविद्यालयं. तरी माझ्या विद्यार्थिनीला जर्मनीची लाट घ्यावी लागली.

मोजणी करून ती सगळ्यांना खुली करणं, हे पुण्यात काम सुरू केलेल्या एका हवामानशास्त्रज्ञाने एकदा करून दाखवलेलं आहे, याची आठवण करून देतो. ॲना मणी यांनी पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणांच्या विभागात काम सुरू केलं आणि निवृत्तीनंतर देशभर वाऱ्याची मोजणी उभी केली. शेकडो ठिकाणी खांब लावले, नोंदी घेतल्या, आणि त्या छापून सगळ्यांच्या हाती दिल्या. भारतात पवनऊर्जेचा उद्योग उभा राहिला तो त्या नोंदींच्या आधारावर. साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर आज जी चक्क्यांची रांग दिसते, तिच्या आधी मोजणी झाली. समुद्रात मात्र आपण अजून मोजणीपाशीच अडलो आहोत. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला समुद्रात अकरा चक्क्या उभ्या केल्या. आपलं समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ मध्ये आलं. २०१७ मध्ये खंभातच्या आखातात पिपावावसमोर लेसरने वारा मोजणारं लिडार बसलं. २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, गुजरात आणि तमिळनाडूसाठी प्रत्येकी ५०० मेगावॉट. आपल्या समुद्रात आजही एकही व्यापारी पवनचक्की फिरत नाही.

महाराष्ट्र त्या योजनेत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. गुजरात आणि तमिळनाडूचा वारा आपल्यापेक्षा चांगला आहे, हे मान्य करायला हवं. कोकणात उद्या चक्क्या उभ्या करा, असं मी म्हणत नाही. कोळ्यांशी न बोलता तर अजिबातच नको, त्यांची जाळी आणि त्यांचे रस्ते त्याच पाण्यातून जातात. पण खंभात आपल्या शेजारी आहे, मुंबई हाय आपल्या समोर आहे, आणि सातशे किलोमीटरहून लांब किनारा आपला आहे. काम कुठेही होवो, ते करणारी माणसं पुण्यात घडू शकतात.

मागतो आहे ते फार नाही. खडकवासल्याच्या केंद्राने वर्षातून एकदा, समजा दिवाळीनंतर, दोन आठवडे एक लाटेची टाकी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. मोठ्या प्रकल्पांचं वेळापत्रक किती घट्ट असतं ते मला ठाऊक आहे, तरी दोन आठवडे निघतील. लहान मॉडेलमध्ये बारीक नळ्यांवरचं पाण्याचं ओढणं बरोबर उतरत नाही, ही अडचण पुस्तकात वाचलेली मुलं ती स्वतःच्या हाताने अनुभवतील, आणि त्यातूनच पुढचं संशोधन निघतं. पाषाणच्या शास्त्रज्ञांनी महाविद्यालयांबरोबर मिळून अरबी समुद्राचा वारा आणि लाट यांचा एकत्र अभ्यास हाती घ्यावा. आमचे स्थापत्यवाले वारा वेगळा धरतात आणि लाट वेगळी, समुद्र तसं करत नाही. प्राचार्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमात सागरी बांधकामांचा एक तरी विषय आणावा, आणि तो शिकवायला हिंजवडीतल्या लोकांना बोलवावं. ते येतील. मी विचारलं आहे, शनिवारी यायला पाच जण तयार आहेत, मानधनाशिवाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही सगळ्यांनी एका पत्रावर सह्या कराव्यात. शासनाच्या पैशाने मोजलेल्या लाटांच्या मूळ नोंदी, सुरक्षेच्या दृष्टीने जे वगळायचं ते वगळून, नोंदणीकृत विद्यार्थ्यांना ठरावीक दिवसांत मिळाल्या पाहिजेत, एवढंच त्या पत्रात असावं. एका विद्यार्थिनीच्या ईमेलला सात महिने उत्तर येत नाही. पुण्यातल्या वीस संस्थांच्या सह्यांच्या पत्राला येईल.

पत्राचा मसुदा मी तयार ठेवला आहे. माझ्याकडे १९९० पासूनच्या तपासण्यांच्या टिपणवह्या आहेत, कुठल्या प्रकारच्या सांध्यात रेघ आधी दिसते याच्या माझ्या स्वतःच्या नोंदी आहेत. ज्या महाविद्यालयाला हव्या असतील त्यांना मी त्या देईन, समजावून सांगायला स्वतः येईन. ती मुलगी आता नोकरीला लागली आहे, पण प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिला पुन्हा लिहायचं आहे, दोन उंचवट्यांच्या आलेखावर. बंगल्याच्या मागच्या खोलीत तिच्यासाठी एक टेबल मी रिकामं ठेवलं आहे. नोंदी तेवढ्या मिळायच्या आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर
वारजे, पुणे